बाकी मापाऱ्याची

माझा सख्खा मोठा भाऊ नामदेव याने मला पाऊण रोडग्याला फसवलं. एकदा नाही, अख्ख्या हंगामात, शनिवारामागून शनिवार. पुढे त्याने मला एका सायकलीतही फसवलं, पण ते नंतर सांगते. आधी रोडगा. नामदेव आता निवृत्त शिक्षक आहे, गावात त्याला सगळे गुरुजी म्हणतात, रस्त्याने निघाला की पाया पडायला माणसं वाकतात. वाकू द्यात. त्यांनी त्याच्याबरोबर जेवायला बसून पाहिलेलं नाही.

ज्यांना रोडगा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, म्हणजे माझं नुकसान केवढं होतं ते कळेल. गव्हाची जाडसर कणीक, त्यात ओवा, तीळ, मीठ आणि तेलाचं सढळ मोहन. तिचा लिंबाएवढा गोळा करायचा, त्याला तूप चोळायचं. त्यावर कणकेची दुसरी पारी चढवायची, पुन्हा तूप, पुन्हा पारी, असं करत तो मोठ्या मोसंबीएवढा होतो. मग गोवऱ्यांचा जाळ बसून लाल आर झाला की त्यात हे गोळे पुरायचे. बाहेरचा पापुद्रा दगडासारखा होतो, आतले पदर मऊ राहतात, आणि अगदी पोटातला तो पहिला लिंबाएवढा गोळा वाफेने असा शिजतो की दात नसलेल्या माणसानेही खावा. भाजले की गोणपाटात घालून दोघांनी दोन्हीकडून धरून हलवायचं, राख झडते. मग मुठीचा ठोसा मारून फोडायचा. वरून तूप ओतायचं. सोबत वांग्याची तर्रीदार भाजी आणि वरण. मी आता भांड्यांच्या दुकानाची मालकीण आहे, मोठमोठ्या लग्नांच्या पंगतींत मानाने बसवतात मला. पण कुठल्याही पंगतीत मला खळ्यावरच्या रोडग्याचा वास आला नाही.

आमचं गाव किन्हीराजाच्या अंगाला, पठाराच्या पायथ्याशी. खळं उठलं, म्हणजे मळणी होऊन धान्य मोजून झालं, की त्या शनिवारी मारुतीला रोडगे करायची रीत होती. एका घरचं खळं या शनिवारी, दुसऱ्याचं पुढच्या, आणि भावकी सगळीकडे जेवायला. त्यामुळे हंगामभर शनिवारची वाट पाहण्यात आमचे बाकीचे वार वाया जात. पंगतीत पोरांची गिनती नसायची. आधी देव, मग मापारी, मग पाहुणे, मग घरचे गडी, मग बाया, आणि सगळं होऊन जे उरेल ते पोरांचं. भावकीत खळं कोणाचंही असो, रोडगे आमची मायच करायची. पीठ अधोलीने, म्हणजे अर्ध्या पायलीच्या मापाने मोजायची आणि गोळे स्वतःच्या मुठीने वळायची. तिची अधोली बदलली नाही, मूठही बदलली नाही, आणि भावकीतही माणसं तीच. म्हणून आमच्या घरच्या पोरांसाठी दर वेळी तीनच रोडगे उरायचे. आणि आम्ही होतो चार. नामदेव, म्हणजे आमचा दादा, मी कांता, आणि धाकटे दोघे, बेबी आणि गजा.

आधी हे तीन रोडगे मायच आम्हाला कुस्करून एका परातीत द्यायची, आणि आम्ही चौघं कोंबड्यांसारखे त्यावर तुटून पडायचो. कोणाला किती मिळालं याचा हिशेब नव्हता, म्हणून भांडणही नव्हतं. पण त्या वर्षी दादा चौथीत गेला आणि शाळेत भागाकार शिकला. घात तिथेच झाला.

पहिल्या शनिवारी आमच्याच खळ्यावर जेवणं चालली होती. मायने तीन रोडगे आमच्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "नामा, तू मोठा हायेस, दे वाटून साऱ्याईले." दादाने मांडी घातली, बोटाने मातीत आकडे काढले, आणि गुरुजी बोलतात तशा नाकातल्या आवाजात म्हणाला, "तीन भागिले चार. तीनात चार जाते का?"

गजा म्हणाला, "मले काय माहीत?"

"जात नाई. भाग शून्य. मंजे एकेकाले शून्य शून्य रोडगे." त्याने मातीत चार शून्य काढली, एकेकाच्या पुढ्यात एकेक. बेबीने आपल्या शून्यावर बोट फिरवून पाहिलं. "आता बाकी किती? तीन. आता सांगा, मापात न बसलेली बाकी कोनाची असते?"

आता इथे थोडं थांबून सांगावं लागेल. आमच्याकडे खळ्यावर धान्य मोजायला मापारी यायचा, किसनबुवा नावाचा. रास मोजताना तो एक म्हणायचा नाही, लाभ म्हणायचा. लाभ, दोन, तीन, असं खड्या आवाजात चालायचं. वाटे पडले, मालकाचा, भावांचा, बलुत्याचा, की तळाशी जे काही मापात न भरणारं उरायचं, ते किसनबुवाच्या धोतराच्या ओच्यात जायचं. बाकी मापाऱ्याची. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तो नियम कोणी केला, काहून केला, हे कोणी विचारत नसे.

म्हणून दादाने "बाकी कोनाची?" विचारलं तेव्हा आम्ही तिघांनी एका सुरात, अगदी शाळेत म्हणतात तसं, उत्तर दिलं, "मापाऱ्याची!"

"आन आज मापून कोन राह्यलं?"

"तू."

"मंग झालं," असं म्हणून त्याने तिन्ही रोडगे ओढून घेतले.

मी तेव्हाही तापट होते. ओरडत बाबांकडे गेले. बाबा धान्याच्या पोत्यांची तोंडं शिवत होते. "बाबा, दादा मंते बाकी मापाऱ्याची!" बाबांनी वर न पाहता दाभण ओढला आणि म्हणाले, "बरोबर हाय ना. त्यात काय झालं?" त्यांना वाटलं मी धान्याचं बोलते. झालं, निकाल लागला. मी परत आले तोवर दादा दुसऱ्या रोडग्याच्या पोटातला तो लिंबाएवढा गोळा जिभेवर घोळवत होता. आम्हा तिघांना त्याने उदारपणे वरचे करपलेले पापुद्रे दिले. गजाने त्याचे आभारही मानले. गजा अजून तसाच आहे.

मी त्या दिवशी वांग्याची भाजी शिळ्या भाकरीशी खाल्ली. भाकरीला रोडग्याच्या तुपाचा वास येत होता, कारण दादा शेजारी बसून ढेकर देत होता.

पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्याही शनिवारी तेच. काही चुकतंय हे मला कळत होतं, पण काय चुकतंय ते कळत नव्हतं, आणि याच्यासारखा दुसरा ताप नाही. तीन रोडगे डोळ्यांपुढे आहेत, चार तोंडं आहेत, आणि हिशेब म्हणतो एकेकाला शून्य. मी वर्गातल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, लहान संख्येला मोठ्या संख्येने भाग जात नाही, ते पुढच्या वर्गात. म्हणजे माझा रोडगा पुढच्या वर्गात होता. मी दुसरीत होते.

आमच्या घरात सकाळी दोन आवाज असायचे. एक मायच्या ताकाच्या रवीचा, दुसरा आज्याचा. आजा म्हणजे बाबांचे वडील. कानाने ठार बहिरे, पण आवाज असा की पलीकडच्या गल्लीतली म्हैस दूध चोरायची. ते आंघोळ करताना देवाचं नाव घेत नसत, पाढे म्हणत. तेही साधे नाहीत. त्यांच्या शाळेत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी असे सगळे पाढे छडीच्या जोरावर पाठ करून घेतलेले होते, आणि ती छडी अजून मागे उभी असल्यासारखे ते रोज म्हणत. डोक्यावर तांब्या, आणि तोंडाने, "एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन!" प्रत्येक ओळीला एक तांब्या. पाणी संपलं की पाढा संपला. आम्ही तो रोज ऐकायचो, पण भिंतीवरच्या पालीचा आवाज ऐकावा तसा. त्यात काही अर्थ असेल असं कधी मनात आलं नाही.

एका सकाळी मी परसात गोवऱ्या थापत होते. रोडग्यांच्या हंगामात गोवऱ्या फार लागतात, आणि त्या थापायचं काम, मी सांगायला नको, जिला रोडगा मिळत नव्हता तिचंच होतं. जमिनीवर ओळीने थापत गेले. शेवटी ओळीत चार जागा राहिल्या आणि शेणाचे गोळे तीनच. मी मायला हाक मारली, "माय वं, शेन पुरत नाई!"

"पुरव!" आतून आवाज आला. "चारी जागा भर. न् लहानमोठ्या थापू नको. सारख्या नसल्या तं आरात एक जळते न् एक राह्यते."

मी शेणाच्या तीन गोळ्यांकडे पाहिलं. चार जागांकडे पाहिलं. तीनात चार जात नाही. भाग शून्य, बाकी तीन. पण मायला भाग शून्य सांगून चाललं नसतं, तिच्या हातात रवी होती. मग मी पहिल्या गोळ्याचा चौथा हिस्सा तोडून बाजूला ठेवला. दुसऱ्याचाही चौथा हिस्सा तोडला. तिसऱ्याचाही. तोडलेले तिन्ही तुकडे एकत्र मळले, त्यांचा चौथा गोळा झाला. मी चारही गोळे हातात घेऊन तोलले. सारखे! प्रत्येक गोळा पुरा नव्हता, पुऱ्याला एक पाव कमी होता. पण शून्य तर मुळीच नव्हता! आणि नेमक्या त्याच क्षणी न्हाणीत तांब्या आपटला आणि आज्यांचा आवाज आला, "चार पाऊण तीन!"

मी शेणाच्या हाताने न्हाणीकडे धावले. आजा अंगावर पंचा ओढत ओरडले, "काय झालं बे? आग लागली का?" मी ओरडले, "आजा, चार पाऊण तीन मंजे तीनाचे चार वाटे केले का एकेक पाऊण येते!" त्यांना काही ऐकू आलं नाही. ते म्हणाले, "हाव, हाव, पाणी गरम हाय," आणि पुढचा तांब्या घेतला.

माझी नात आर्वी आता पाचवीत आहे. तिच्या पुस्तकात हेच एका पानावर रंगीत चित्रांनी दिलंय. तीन भागिले चार बरोबर तीन छेद चार. वरती तीन, म्हणजे काय वाटायचं ते, खाली चार, म्हणजे कितींत वाटायचं ते, आणि मधली रेघ म्हणजे वाटणीच. भागाकार जिथे दमून बाकी खाली टाकतो, तिथून अपूर्णांक ती बाकी उचलतो आणि मोडून वाटतो. पोरगी म्हणाली, "आजी, सोपं आहे हे." सोपं आहे म्हणे. तुला पुस्तकात पिझ्झा मिळाला बाई. मला शेणात शोधावं लागलं.

मी शनिवारपर्यंत कोणाला एक शब्द बोलले नाही. सौद्याची पहिली अक्कल मला तेव्हाच आली. समोरच्याला तोंडाने पूर्ण बोलू द्यायचं, मग धरायचं. शनिवारी चुलत्याच्या खळ्यावर जेवणं झाली, मापारी किसनबुवा खाऊन बाजेवर सुपारी कातरत बसला होता, बाबा शेजारी होते. मायने तीन रोडगे आमच्यापुढे ठेवले. दादाने मांडी घातली. "तीन भागिले चार. भाग शून्य, बाकी तीन, बाकी..."

"थांब गा," मी म्हणाले. "बाकी मोड."

"काय?"

"मोड मंते मी. एकेकाचे चार चार कुटके कर."

दादा हसला. "भागाकार झाला कांते. बाकी राह्यली. बाकी मोडत नसतात."

"काहून नाई मोडत? रोडगा हाय का दगड हाय?"

"गुरुजींनी नाई सांगतलं मोडाले."

"गुरुजी रोडगे खातेत का तुह्या बाकीतले?"

आवाज चढला. बायका भांडी घासता घासता थांबल्या. बाबा म्हणाले, "काय लावलं बे पोट्टेहो?" मला बाबांचा भरवसा नव्हता, मागच्या वेळी त्यांनीच मला बुडवलं होतं. मी सरळ किसनबुवापुढे जाऊन उभी राहिले.

"बुवा, पायलीनं मोजता मोजता शेवटी पायली भरत नसंल तं काय करता?"

किसनबुवाने सुपारी गालात सरकवली. "बाकी सोडतो."

"कोनाले?"

"मले. अजून कोनाले?"

"आन मालकानं मनलं का पायली जाऊ द्या, आता अधोलीनं मोजा, तं?"

किसनबुवाचा अडकित्ता थांबला. त्याने बाबांकडे एक नजर टाकली, मग चुलत्याकडे. "तं... अधोलीनं मोजा लागंल."

"आन अधोलीतई न बसलं तं शेरानं?"

"पोट्टी कोनाची हाय हे?" किसनबुवा म्हणाला.

"सांगा ना बुवा. शेरानंई नाई बसलं तं पावशेरानं? माप लहान लहान करत गेलं तं मापाऱ्याले काय राह्यते?"

"धूर राह्यते!" चुलता बाजेवरून ओरडला आणि सगळं खळं हसायला लागलं. हसता हसता चुलत्याने राशीच्या जागेकडे पाहिलं आणि तो म्हणाला, "किसनबुवा, इतकी वर्षं आपन अधोली काहून नाई काढली गा?" किसनबुवाला तेवढ्यात आठवलं की त्याच्या बैलाला पाणी पाजायचं राहिलंय. तो उठून गेला. पुढच्या वर्षापासून आमच्या भावकीत तो बाकी मोजायला अधोली घेऊनच यायचा, आणि मला पाहिलं की रस्ता बदलायचा. माझा त्याच्याशी काही वाद नव्हता. माझा वाद माझ्या घरात होता.

मी परत येऊन दादापुढे बसले. "रोडगा आपलं माप नाई. चौथाई हे आपलं माप. आता मोज."

दादाला मोडावं लागलं. सगळं खळं पाहत होतं. मी अट घातली की जो फोडेल तो आपला वाटा सगळ्यात शेवटी उचलेल. ही अट मला कोणी शिकवली नव्हती, रागाने सुचली. मग पाहावं दादाला! जो मुलगा पाटीवर सरळ रेघ काढू शकत नव्हता, तो रोडग्यावर मुठीचा ठोसा असा बेताने मारत होता की सोनाराने पाहून लाजावं. पहिला रोडगा चार कुटके. दुसरा चार. तिसरा चार. प्रत्येक कुटक्यात त्याने पोटातल्या मऊ गोळ्याचा तुकडा आहे ना हे वाकून, एक डोळा मिटून तपासलं. आम्ही एकेका रोडग्यातला एकेक कुटका उचलला. तीन कुटके प्रत्येकी, म्हणजे तीन पाव, म्हणजे पाऊण. गजाने आपले तीन तुकडे पानावर जुळवून पाहिले आणि आनंदाने ओरडला, "माह्या रोडग्याले दरवाजा हाय!" खरंच, चौथ्या कुटक्याची जागा तेवढी उघडी होती. बेबी खाताना रडली. मायने विचारलं काय झालं, तर म्हणाली, पोटातला गोळा इतका चांगला लागते हे मले आजवर ठाऊकच नव्हतं.

शेवटी पानात जो चुरा उरला तो दादाने बोटाने टिपून खाल्ला आणि म्हणाला, "हे मापाऱ्याचं." दिला त्याला. चुऱ्याला मी नाही म्हटलं नाही.

इथे गोष्ट संपली असती तर मी हे लिहायला बसले नसते. आता सायकल.

काही वर्षांनी माझीही गावातली शाळा संपली. पुढची शाळा पठारावरच्या मोठ्या गावात. दादा तिथे जीपने जायचा, पण जीप कधी यायची, कधी यायची नाही. बाबांनी कुठून तरी एक जुनी सायकल आणली, घंटी सोडून जिचं सगळं वाजायचं. एक सायकल आणि शिकायला जाणारे दोघं, दादा आणि मी. बाबा डोकं खाजवत म्हणाले, "एकच हाय बाप्पा. कोन जाईल?" मला पक्कं ठाऊक होतं की एक सायकल आणि दोन लेकरं म्हटलं की गावात पोरीलाच गोवऱ्या थापायला ठेवतात. मला गोवऱ्या थापून जे शिकायचं होतं ते शिकून झालं होतं. मला पुढचं शिकायचं होतं.

दादा म्हणालाच, "एक भागिले दोन. भाग शून्य, बाकी एक..."

"निम!" मी ओरडले. "एकाचे दोन वाटे, एकेकाले निम! निम्मी सायकल माही हाय!"

"सायकल फोडतं का मंग मुठीनं?" माय म्हणाली.

"सायकल नाई, रस्ता," मी म्हणाले. "एकानं चालवाची, एकानं मांगं बसाचं. निम्मं तो चालवंल, निम्मं मी."

आता लक्ष द्या. मला वाटलं होतं दादा भांडेल. मी सगळी उत्तरं तयार ठेवली होती. पण तो एकदम शहाण्यासारखा मान हलवून म्हणाला, "बरोबर हाय कांतेचं. निम्मा निम्मा. जातानी तू, येतानी मी. अंतर सारखं." बाबा खूश. माय खूश. मी तर इतकी खूश झाले की अंगणात दोन उड्या मारल्या. समोरचा माणूस पहिल्याच बोलीला हो म्हणाला की थांबावं, माल पुन्हा उलटून पाहावा, हे मी आज दुकानातल्या पोरांना रोज शिकवते. त्या दिवशी मला शिकवायला कोणी नव्हतं.

शाळा पठारावर. गाव पायथ्याशी. जाताना अख्खा चढ. येताना अख्खा उतार.

दादाची शाळा संपेपर्यंत मी त्या घाटात माझ्या मोठ्या भावाला डबलसीट ओढलं. उन्हात ओढलं, वाऱ्यात ओढलं, चेन पडायची तेव्हा हात काळे करून ओढलं. तो मागे बसून पुस्तक उघडायचा आणि धडा पाठ करायचा, कारण त्याचे दोन्ही हात मोकळे होते. मधूनमधून शेंगा फोडून खायचा, टरफलं माझ्या पाठीवर पडायची. "कांते, जरा हळू, अक्षर हालून राह्यलं," असंही म्हणायचा. आणि संध्याकाळी येताना पायडलला पाय न लावता, दोन्ही पाय हवेत पसरून, शीळ वाजवत सायकल खाली सोडायचा, आणि घरी पोहोचून मायला म्हणायचा, "दमलो वं." मी भांडले नाही असं नाही. रोज भांडले. तो एकच वाक्य बोलायचा, "अंतर सारखं हाय का नाई? मोजून घे." आणि अंतर सारखं होतं! मी मैलाचे दगड पाहिले, मोजले, काही उपाय नव्हता. निम्मं म्हणजे निम्मंच होतं. मी स्वतः मागितलेलं होतं.

दादा मागच्या सीटवर पाठ केलेल्या धड्यांवर पास होत होत शिक्षक झाला. मी जे काही झाले ते माझ्या पिंढऱ्यांवर झाले. तो शिकायला शहरात गेला तेव्हा ती सायकल मी ठेवून घेतली, दोन्ही बाजूंना पितळी तांबे आणि जर्मनची पातेली लटकवली, आणि आठवडी बाजारांतून विकायला निघाले. चढ मला कधी वाटलाच नाही. मागे दादा नव्हता, नुसती पातेली होती. आज माझं दुकान आहे, आणि ती सायकल दुकानात वरती खुंट्यांना टांगलेली आहे. गिऱ्हाईक विचारतात विकायची का. मी म्हणते, तो पुरावा आहे.

आता हे सगळं मी इतक्या वर्षांनी काहून उकरून राहिले, ते सांगते. मागच्या महिन्यात दादा माझ्याकडे आला होता. आर्वी अपूर्णांक घेऊन बसली होती, आणि गुरुजींना गप्प बसवत नाही. त्याने तिला समजावलं, "हे बघ बाळा, तीन रोडगे आन चार पोरं..." मी स्वयंपाकघरात भाजीला फोडणी देत होते. ऐकत होते. तीन रोडगे! माझे तीन रोडगे! त्याने ते मोडले, चार चार कुटके केले, तीन छेद चार काढून दाखवलं, आणि पोरगी म्हणाली, "दादाआजोबा, किती छान सांगता तुम्ही!" त्याने मान तुकवली. शोध कोणाचा हे सांगितलं नाही. तेही मी गिळलं असतं. पण मग तो चष्मा पुसत म्हणाला, "आन एक ध्यानात ठेव. नुसतं निम्मं कोनी मनलं तं लगेच हो मनू नको. आधी विचाराचं, निम्मं कायचं? निम्म्या रोडग्यात न् निम्म्या शेंगदाण्यात फरक असते. मी शाळेत पहिल्या दिवशी साऱ्या पोराईले हेच विचारत असो."

पळी माझ्या हातात तशीच राहिली. मोहरी जळाली.

म्हणजे त्याला ठाऊक होतं! अंगणात मान हलवत "अंतर सारखं" म्हणाला तेव्हाच ठाऊक होतं! निम्मं अंतराचं मोजायचं की निम्मं घामाचं, हा प्रश्न त्याच्याजवळ तेव्हापासून होता. तो त्याने दुसऱ्यांच्या पोरांना फुकट वाटला, वर्षानुवर्षं, आणि सख्ख्या बहिणीला चढावर ठेवला. मी पळी घेऊन बाहेर आले. तो म्हणाला, "काय जळून राह्यलं वं?" मी म्हणाले, "तुले समजंल." तो चप्पल शोधत उठला. जीप धरायची आहे म्हणाला. जीपला अजून वेळ होता.

तर दादा, हे वाचशीलच तू, वाचायची तुला सवय आहे, मागे बसून लागली आहे. येत्या शनिवारी मी रोडगे करते आहे. तीनच करीन, मुद्दाम. पंगत दुकानातच, सायकलीखाली मांडणार आहे, बेबी आणि गजा यायचे आहेत, आर्वी समोर बसणार आहे, आणि या वेळी मापारी मी आहे. पानाला हात लावायच्या आधी तुला सगळ्यांदेखत बोलावं लागेल. त्या हंगामातली माझी सगळी पाऊण, बेबीची पाऊण, गजाची पाऊण, कोणाच्या पोटात आहे ते सांग. आणि मग वरती टांगलेल्या त्या सायकलकडे बोट कर, आणि तुझा तो पहिल्या दिवसाचा प्रश्न मला विचार. मी उभी राहीन समोर. विचार मला, दादा, जो तेव्हा अंगणात विचारायला पाहिजे होतास. निम्मं कायचं? आणि त्याचं उत्तरही तूच दे.